सहा क्रीचर घातली तर काय बिघडतं?

"हा डेक जिंकत नाही, हरणं लांबवतो" हे तुमचं वाक्य झकास आहे, पण पटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या मॉडर्न फॉरमॅटसाठी (कोणते पत्ते चालतात ते ठरवणारा प्रकार) मी दिलेल्या निळ्या-पांढऱ्या कंट्रोल डेकमध्ये (समोरच्याचे डाव मोडत सावकाश जिंकणारा पत्त्यांचा संच) 26 लँड (पत्ते खेळायला लागणारा खर्च, म्हणजे माना, पुरवणारे पत्ते) फार होतात, मारा करायला काही नाही, आणि काउंटरस्पेल (समोरच्याचा पत्ता लागू होण्याआधीच रद्द करणारा पत्ता) हातात असताना समोरच्याचं क्रीचर (हल्ला करणारा प्राण्याचा पत्ता) येऊ द्यायचं हा निव्वळ भित्रेपणा. म्हणून तुम्ही तीन लँड आणि तीन मेमरी डेल्यूज (हवे ते पत्ते शोधून हातात आणणारा पत्ता) काढून सहा क्रीचर घातलीत.

आधी क्रीचरचं बघू. पहिल्या गेमला बऱ्याच डेकमध्ये फेटल पुश, टर्मिनेट असे क्रीचर मारणारे पत्ते असतात. आपल्याकडे मारण्याजोगं काही नसेल तर ते समोरच्याच्या हातात नुसते सडतात. सात पत्ते उचलून तो खेळत असतो पाचांनी. तुम्ही त्या सडक्या पत्त्यांना आयतं गिऱ्हाईक दिलंत. (लाल डेकपुढे हा हिशोब चालत नाही, कबूल. लाइटनिंग बोल्टला क्रीचर मिळालं नाही तर तो थेट आपल्या अंगावर येतो.) मारा करायला सेलेस्टियल कॉलोनेड आहे की! बसतं लँड म्हणून, पाच माना दिले की त्या टर्नपुरतं (पाळीपुरतं) 4/4 उडणारं क्रीचर, म्हणजे मारा 4, बचाव 4. आपलं सुप्रीम व्हर्डिक्ट (टेबलावरची सगळी क्रीचर मारणारा चार मानाचा पत्ता) पडतं तेव्हा ते नुसतं लँड असतं, म्हणून वाचतं.

आता तो भित्रेपणा. समजा समोर हिरवा डेक आहे. त्याची दोन क्रीचर टेबलावर, एक 2/2 आणि एक 3/3; हातात चार पत्ते. तुमचं लाइफ 16 (शून्य झालं की हार), चार लँड, हातात व्हर्डिक्ट, काउंटरस्पेल आणि डेल्यूज. बहुतेक जण इथे व्हर्डिक्ट टाकून मोकळे होतात. मी काहीच न करता टर्न सोडतो. तो पाचाचा मार देतो, लाइफ 11. मग तो लँड टाकतो आणि आणखी एक 3/3 आणतो. ते मी काउंटर करत नाही, कारण व्हर्डिक्ट त्यालाही घेऊन जाणारच आहे. त्याच्या टर्नच्या शेवटी चार माना देऊन डेल्यूज: वरचे चार पत्ते बघायचे, दोन हातात घ्यायचे. पुढच्या टर्नला व्हर्डिक्ट, एका पत्त्यात तीन क्रीचर साफ. त्याच्या हातात चाराचे तीन झाले, तुमचं काउंटरस्पेल शाबूत. ते व्हर्डिक्टला न जुमानणाऱ्या गोष्टींसाठी ठेवायचं: प्लेन्सवॉकर (क्रीचर नसलेला, टेबलावर राहून दर टर्नला फायदा देणारा पत्ता), किंवा हिरव्याचं हिरोइक इंटरव्हेन्शन (त्याची क्रीचर व्हर्डिक्टपासून वाचवणारा पत्ता). सहा लँड होईपर्यंत लाइफ पुरत असेल तर आणखी थांबा, म्हणजे व्हर्डिक्ट टाकूनही काउंटरस्पेलचे दोन माना उरतात.

मात्र त्याच्या हातात एकच पत्ता उरला असेल तर थांबू नका. त्याने सगळं आधीच ओतलंय, वाट कशाची बघायची?

लँडचं गणित सरळ आहे. पहिले खेळताना चौथ्या टर्नपर्यंत 60 पैकी 10 पत्ते हाती येतात. 26 लँड असतील तर त्यात सरासरी 4.3 लँड, 23 असतील तर 3.8. चार मानाच्या पत्त्यावर जगणाऱ्या डेकला हा फरक भारी पडतो. आणि व्हर्डिक्टच्या चार प्रती घातल्या तरी त्या 10 पत्त्यांत एक तरी असण्याची शक्यता 53 टक्केच. म्हणजे जवळपास निम्म्या गेममध्ये ते शोधावं लागणार, आणि शोधणारे पत्तेच तुम्ही काढलेत.

50 मिनिटांत राउंड (स्पर्धेतला एक सामना) संपत नाही ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर क्रीचर हा उपाय नव्हे. टेफेरी हा आपला प्लेन्सवॉकर टेबलावर टिकला आणि समोरच्याचा हात रिकामा झाला की पुढचे टर्न भराभर खेळा. आणि पहिला गेम हातचा गेलाय असं दिसलं तर तो सोडून द्या, रडतखडत वीस मिनिटं घालवू नका.

तुमच्या सहापैकी दोन-तीन क्रीचर साइडबोर्डमध्ये (पहिल्या गेमनंतर डेकमध्ये बदलून घालायचे राखीव पत्ते) ठेवा. बेनस्लेयर एंजल असेल तर उत्तमच. दुसऱ्या गेमला समोरचा फेटल पुश काढून टाकतो, नेमकी तेव्हा ती आत आणा. उरलेल्या जागी आधी लँड परत घाला.