त्या दोन भावंडांचा फोटो पुढे पाठवू नका

सकाळपासून इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर एकच मेसेज फिरतोय. दोन भावंडांचा फोटो, चेहरे स्वच्छ दिसताहेत, खाली मोबाईल नंबर. आई वारली, वडील दारूत बुडालेले, सांभाळायला कुणी नाही. "मुलगा ७ वर्षांचा, शांत आहे, कुणाला दत्तक हवा असल्यास कळवा. मुलगी ११ वर्षांची." मुलीबद्दल एवढंच. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग आणि एका गृहस्थांचा प्रश्न: "मुलगा एकटा मिळेल का?"

मिळेल का म्हणजे? दुकानात आलात का?

अशा मुलांची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, मान्य. पण असे फोन नंबर कुणाकुणाच्या हाती पडतात, याचा विचार करा. करायचं ते एवढंच: १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन. मुलांना ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, पुढचं ती ठरवते. आधी आत्या, मामा, काका यांची चौकशी होते. नातलग तयार असून पैशाची अडचण असेल, तर निकषांत बसणाऱ्या मुलाला केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४००० रुपये मिळू शकतात.

नातलग नसले की खरी अडचण सुरू होते. वडील जिवंत आहेत आणि त्यांनी मुलांवरचा हक्क कायद्याने सोडलेला नाही, म्हणजे ही मुलं आज दत्तक जाऊच शकत नाहीत. उरतं बालगृह. मोठ्या मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं. आई गेली, घर गेलं, आता ताईसुद्धा शहराच्या दुसऱ्या टोकाला.

यासाठीच कायद्यात फॉस्टर केअर आहे. आपल्याकडच्या सरकारी कागदांवर 'पालन-पोषण देखरेख' लिहिलेलं असतं. मूल तुमच्या घरी राहतं, तुमच्या मोहल्ल्यातल्या शाळेत जातं, पण तुमच्या नावावर होत नाही. आईवडिलांना भेटू दिलं जातं. भावंडांना शक्यतो एकत्रच ठेवावं, असं कलम ४४ मध्ये स्पष्ट आहे. पण दोघांना एकदम घेणारं घर यादीत असायला हवं ना! मूल समोर आल्यावर घर शोधायला लागलं की फार उशीर होतो, कारण घरभेट, पोलीस पडताळणी, वैद्यकीय तपासणी, ओळखीच्यांकडे चौकशी, मग समितीची मंजुरी, सगळ्याला वेळ लागतो.

आणि घरं आहेत हो आपल्याकडे. सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, वरचे मजले कुलूपबंद, मुलं पुण्या-बंगळुरूला. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही फॉस्टर पालक होऊ शकते. एकटा पुरुष असेल तर फक्त मुलगा. जोडप्याच्या वयांची बेरीज किमान ७० हवी. दोन वर्षं मूल तुमच्याकडे नीट रुळलं आणि तोवर दत्तकासाठी कायद्याने मोकळं झालं, तर तुम्ही अर्ज करू शकता. पण तो हिशेब मनात धरून मूल घरी आणू नका.

सोपं नाही, हे खरंच. पहिले काही दिवस मूल अति शहाण्यासारखं वागतं, ताट घासून ठेवतं. मग उशीखाली पोळ्या सापडतात, सात वर्षांचा मुलगा अंथरूण ओलं करतो, धादांत खोटं बोलतो. रागवू नका. उद्या जेवायला मिळेल याची त्याला खात्री नसते. पोळीचा डबा त्याच्या हाताला लागेल असा ठेवा, लपवणं हळूहळू सुटतं. शाळेत टीसी, आधार, समग्र आयडी (आपल्या मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) यांवरून अडवतील, म्हणून समितीच्या आदेशाच्या प्रती जवळ असू द्या. ऑपरेशनच्या कागदावर सही कोणाची, हे आधीच लेखी विचारून ठेवा. वडील भेटून गेले की दोन दिवस मूल बिथरतं, त्या दिवसांत पाहुणे बोलावू नका. सरकारी पैसे पहिल्या तारखेला येतीलच असं धरू नका. दर महिन्याला तपासणी होते, त्याचा राग मानू नका, ती मुलासाठी असते.

आणि ११ वर्षांची मुलगी "घरकामाला हातभार" म्हणून हवी असेल, तर कृपा करून अर्जच करू नका. ती भावाला आईसारखं सांभाळत आली असणार. तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगायला हवं की आता त्याचं आम्ही बघतो, तू खेळायला जा.

जाईल एक दिवस मूल परत, वडील सावरले तर. रडू येईल. तुमच्या रडण्याच्या भीतीपायी त्या दोघांनी वेगवेगळ्या बालगृहांत राहायचं का?

ज्यांना जमेल त्यांनी महिला एवं बाल विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन बाल संरक्षण एककाला भेटा. आधार, उत्पन्नाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, लग्नाचं प्रमाणपत्र, फोटो आणि ओळखीच्या दोघांची नावं न्या. नवरा-बायको दोघांनी मिळून जा. घरात सासूबाई असतील तर त्यांच्याशी आधी बोला, घरभेटीत त्यांनाही विचारतात.