बल्ब पेटतो म्हणजे हेडलाइट चांगला आहे, हा समज चुकीचा आहे

मोटारीच्या हेडलाइटविषयी एक संदेश बराच फिरतो आहे. बल्ब उडेपर्यंत काहीही बदलू नये, उडाला तर तेवढा एकच बदलावा, उजेड कमी वाटल्यास जास्त वॅटचा किंवा एलईडी बल्ब बसवावा आणि काच पिवळी पडल्यास टूथपेस्टने घासावी, असे चार सल्ले त्यात आहेत. चारही स्वस्त असल्यामुळे लोकांना पटतात. परंतु रात्री घाटातून किंवा दुभाजक नसलेल्या राज्यमार्गावरून जाणाऱ्याच्या जिवाशी त्यांचा संबंध आहे, म्हणून प्रत्येकाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे. हॅलोजन बल्बमध्ये तारेवरून उडालेले टंगस्टन आतल्या वायूमुळे पुन्हा तारेकडे परतते आणि त्यामुळे बल्बची काच साध्या बल्बसारखी काळवंडत नाही. मात्र उजेड घटण्याचे मोठे कारण बहुधा बल्बमध्ये नसतेच. ज्याला आपण सवयीने काच म्हणतो ते हेडलाइटचे आवरण आता पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकचे असते. त्यावरचा संरक्षक थर उन्हाने आणि धुळीने झिजला की ते पिवळे व धुरकट होते, आणि मग उजेड अडतो तसाच विखुरतोही, म्हणजे आपल्या रस्त्यावर कमी पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. अमेरिकेतील एएए या मोटारचालकांच्या संघटनेने 2018 साली केलेल्या चाचणीत असे खराब झालेले हेडलाइट नव्याच्या सुमारे 20 टक्केच उजेड देत असल्याचे आढळले. ही घट काही वर्षांत हळूहळू होते आणि डोळे तिला सरावतात, त्यामुळे ‘मला तर नीट दिसते’ हा अनुभव येथे पुरावा ठरत नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या दीड सेकंदात 33 मीटर आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत आणखी सुमारे 40 मीटर जातात. गडद कपड्यांतला पादचारी डिपरवर, म्हणजे झोत खाली असताना, चांगल्या हेडलाइटलाही बऱ्याचदा एवढ्या अंतरावरून दिसत नाही.

उडालेला एकच बल्ब बदलण्याचा सल्लाही टिकत नाही. दोन्ही बल्ब सारखेच तास जळलेले असतात, म्हणून दुसराही लवकरच, आणि बहुधा रात्रीच, जाण्याची शक्यता असते. जोडीने बदलावेत, बसवताना बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नये, कारण त्वचेचे तेल लागलेला भाग तापून बल्ब अकाली जातो.

सर्वांत घातक सल्ला तिसरा आहे. 60/55 वॅटच्या (पहिला आकडा अप्परचा म्हणजे लांब झोताचा, दुसरा डिपरचा) जागी 100/90 वॅटचा बल्ब बसवला की अप्परवर विजेचा प्रवाह 5 अँपिअरवरून सुमारे 8.3 अँपिअरवर जातो आणि त्याच वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता जवळजवळ पावणेतीन पट होते. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीचा मुलामा करपतो. एलईडीची अडचण वेगळी आहे. हॅलोजनचा रिफ्लेक्टर तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. तेथे वेगळ्या आकाराचा प्रकाशस्रोत आला की फोकस बिघडतो आणि गाडीसमोरचा पट्टा झगझगीत दिसला तरी लांबवर पुरेसा उजेड जात नाही. समोरच्या माणसाचे डोळे दिपतील असा झोत असू नये, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 106 सांगतो. शिवाय उजेड कमी होण्यामागे अनेकदा खराब अर्थिंग किंवा जळका कपलर (वायर जोडणारा प्लग) असतो: बल्बला मिळणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, 10 टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. म्हणून इंजिन आणि लाइट चालू ठेवून बॅटरीवरचा आणि होल्डरवरचा व्होल्टेज ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावा; त्यांत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक असेल तर आधी वायरिंग दुरुस्त करावे.

टूथपेस्टने आवरण चकचकीत दिसते, कारण पिवळा थर खरवडला जातो. पण त्यासोबत उरलेसुरले संरक्षणही जाते आणि ते पुन्हा लवकर धुरकट होते. पॉलिश करायचेच असेल तर नंतर अतिनील किरणांपासून वाचवणारा थर चढवणाऱ्याकडूनच करावे. आवरण आतून धुरकट झाले असेल, त्याला तडा गेला असेल, रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल किंवा पावसाळ्यात आत पाणी साचत असेल, तर कोणतेही पॉलिश उपयोगाचे नाही. पूर्ण असेंब्लीच, म्हणजे आवरण आणि रिफ्लेक्टरसह अख्खा हेडलाइट, बदलावी लागते. दमट हवेत आत धरलेले हलके धुके लाइट लावल्यावर काही वेळाने निघून जात असेल, तर मात्र तेवढ्यासाठी खर्च करू नये.

निर्णय अंदाजाने घेण्याचीही गरज नाही. सपाट जागी भिंतीपासून 8 मीटरवर गाडी उभी करून डिपर लावावा. उजेडाची वरची कड स्पष्ट आणि दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 8 सेंटिमीटर खाली असावी, आणि आपल्याकडे गाड्या डावीकडून चालत असल्यामुळे ती डाव्या बाजूला वर चढलेली दिसावी. कड स्पष्ट असून केवळ वरखाली असेल तर स्क्रूने फोकस जुळवून काम भागते. कडच पुसट असेल तर आधी बल्ब नीट बसला आहे का ते पाहावे, मग आवरण आणि रिफ्लेक्टर तपासावेत.