परळीच्या कोळशावर चालती म्हणून इलेक्ट्रिक गाडी फसवी?

सध्या आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. इलेक्ट्रिक गाडी म्हणजे फसवणूक, ती शेवटी परळीच्या वीज केंद्रातल्या कोळशावरच चालती, आपल्या उन्हात बॅटरी फुटती, तीन वर्षांत गाडी भंगार आणि सगळ्यांनी घेतल्या तर गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळंल. खाली 'जनहितार्थ' लिहिलंय म्हणून लोकं न वाचताच पुढं ढकलायलेत.

कोळशाचं आधी. देशातली 70 टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाची आहे, ते कोण नाकारतंय? पण मग हिशोब तरी करा ना राव. स्कूटर एका युनिटात 28-30 किलोमीटर जाती. निव्वळ कोळशाच्या युनिटमागं साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तारांमधली गळती धरली तरी किलोमीटरला 40-42 ग्रॅम. पेट्रोलचा लिटर जळला की 2.3 किलो, ॲव्हरेज 45 चं धरा, 50 ग्रॅमच्या वर गेलं. हे सगळी वीज कोळशाची धरून, त्यात सोलर, पवनचक्की, धरणाची वीज मिसळली की फरक अजून वाढतो. फरक लई मोठा नाही, झीरो पोल्युशन म्हणणारे पण फेकायलेतच, पण 'सारखंच' हे साफ खोटं.

आणि परळीच का? 2015 ला परळीच्या केंद्राला पाणी देणारा खडका बंधारा आटला, परळीचे संच पाण्यावाचून बंद पडले, तरी आपल्या घरातली लाईट चालूच होती की, कारण वीज ग्रिडवरून, म्हणजे सगळी केंद्रं जोडलेल्या तारांच्या जाळ्यातून येती. उलट त्या वर्षी कळलं की कोळशाच्या विजेला पाणी लागतं आणि आपल्याकडं तेच नाही, बीड-धाराशिवच्या माळावरच्या पवनचक्क्यांना टँकर लागत नाही. परळीच्या राखेचा त्रास खराय, त्यावर जरूर बोला, पण तो काही स्कूटरनं सुरू केला नाही. बरं, पेट्रोल तरी कुठं आपल्या रानात पिकतं? महाग पेट्रोलची बातमी आली की परभणीचं नाव ठरलेलं, कारण टँकर पार मनमाडहून येतो.

उन्हाचं. 2022 ला स्कूटर पेटल्या, व्हिडिओ खरे होते. चौकशीत बॅटरीतच खोट निघाली आणि डिसेंबर 2022 पासून बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-156 हे नियम कडक झाले. नुसत्या 45 डिग्रीनं चांगली बॅटरी फुटत नाही, लवकर म्हातारी होती एवढं मात्र खरं, म्हणून उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका.

तीन वर्षांत भंगार हे भूत जुन्या लेड-ॲसिडवाल्या गाड्यांचं आहे, त्या बिनलायसनच्या, 25 च्या स्पीडच्या, त्यांची बॅटरी खरंच वर्ष-दोन वर्षांत बसायची. लिथियमची बॅटरी 1000 वेळा फुल चार्ज झाली तरी 80-90 हजार किलोमीटर होतात. जुनी बॅटरी कंपनीनं परत घ्यायची असा 2022 चा नियम आहे, पण तालुक्याला ती नेऊन द्यायची कुठं ते कुणी धड सांगत नाही. हा खरा दमदार मुद्दा, आणि नेमका तोच मेसेजमध्ये नाही.

आता डीपी. विहिरीवरची पाच एचपीची मोटार पावणेचार किलोवॅट ओढती, रात्रीच्या आठ तासांत 30 युनिट. स्कूटरचा चार्जर 700-800 वॅटचा, बॅटरी पार रिकामी असली तरी फुल चार्जला साडेतीन युनिट, म्हणजे एका मोटारीच्या एका रात्रीत आठ-नऊ स्कूटर भरतात. डीपी जळती ती वीज चोरायला तारांवर टाकलेल्या आकड्यांनी, फ्यूजच्या जागी जाड तार घातल्यानं, ऑइल चोरून नेल्यानं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहितीय. लाईट सारखी जाती म्हणता, तर रोजच्या 30-40 किलोमीटरला दोन तासांचं चार्जिंग बास होतं.

शेतात वस्तीवर राहणाऱ्यांचं वेगळं, तिथली लाईन शेतीच्या फीडरवर (मोटारींसाठीच्या वेगळ्या लाईनवर) असली की भरवसा नाही, त्यांनी घाई करू नये. सोलर बसवून चार्ज करू म्हणत असाल तर केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे, पण ते ऑनग्रिड, म्हणजे गावच्या लाईनला जोडलेलं असतंय, लाईट गेली की पॅनलवर कितीबी ऊन असलं तरी तेही बंद पडतं, हे बसवणाऱ्याला आधीच विचारून घ्या.