दुष्काळ सोसणारी द्राक्षे : खुंट की वाण? एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोरड्या हवामानात वाइनच्या द्राक्षांसाठी दुष्काळ सोसणारे वाण शोधावेत, असे मी लिहिले होते. त्यावर आपला आक्षेप असा, की पाणी मिळवणे हे मुळांचे काम असल्यामुळे योग्य खुंट (ज्याच्या मुळांवर हवा तो वाण कलम करतात ती वेल) निवडला की प्रश्न सुटतो आणि वाणांचा शोध निरर्थक ठरतो. खुंटाचे महत्त्व मला पूर्ण मान्य आहे. ११० रिश्टर किंवा १४० रुजेरी या खुंटांवरच्या वेली कोरड्या जमिनीत तग धरतात, तर रिपारिया या खुंटाच्या उथळ मुळांवरच्या वेली तिथे लवकर मान टाकतात.

मात्र मुळांनी आणलेले पाणी कसे खर्चायचे, हे बव्हंशी वर कलम केलेला वाण ठरवतो. जमिनीतला ओलावा घटू लागला की ग्रेनाश या वाणाची पर्णरंध्रे (पानांवरची, पाण्याची वाफ बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे) लवकर मिटतात, सिरा या वाणाची मात्र बराच वेळ उघडी राहतात. भर दुपारी दोन्ही वेलींचे एकेक पान काढून दाबमापक यंत्रात, देठाचे कापलेले टोक बाहेर ठेवून, वायूचा दाब वाढवत नेला, तर टोकावर रस उमटण्यासाठी सिराच्या पानाला सहसा अधिक दाब लागतो; म्हणजेच त्या वेलीवर पाण्याचा ताण अधिक असतो. अर्थात ही विभागणी काटेकोर नाही, कारण जमीन बदलली की तोच वाण वेगळा वागू शकतो.

फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये २००९ साली लावलेल्या ‘व्हिटअडॅप्ट’ या प्रयोगक्षेत्रात ५२ वाण एकाच खुंटावर आहेत. तिथे पिकलेल्या मण्यांच्या साखरेतील जड कार्बनचे (कार्बन-१३चे) प्रमाण, जे ताणाबरोबर वाढते, मोजून वाणांना पडणारा पाण्याचा ताण ताडला जातो, आणि तो वाणागणिक वेगळा दिसतो. हा फरक खुंटाच्या खात्यावर कसा टाकणार? ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर तर फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड, जिच्यामुळे इतरत्र खुंटावर कलम करावे लागते, पोहोचलीच नसल्यामुळे असिर्टिको या वाणाच्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, आणि त्या रखरखाटातही त्या द्राक्षांतली आम्लता टिकते, जी चांगल्या पांढऱ्या वाइनला हवीच असते.

म्हणून माझा आग्रह खुंट आणि वाण या जोडीची परीक्षा एकत्र घेण्याचा आहे. एकच वाण निदान दोन खुंटांवर लावावा, मुळे खोल जाईपर्यंत पाणी द्यावे आणि मगच ते तोडावे. कोवळ्या वेली पहिल्या उन्हाळ्यात सुकल्या, एवढ्यावरून तो वाण बाद करू नये.