हप्ता महिन्याचा, कमाई हंगामाची

20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या व्याजाबद्दलचा एक जुना आदेश रद्द केला. वेळेत पैसे न भरणाऱ्या कार्डधारकाकडून वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटलं होतं. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा विषय आहे, आयोगाला तो ठरवता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हापासून दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतो. एक बाजू म्हणते, बँका लुटतात. दुसरी म्हणते, ऐपत नव्हती तर कार्ड घासायला सांगितलं कोणी?

मी शारजात एका कंपनीत पगारपत्रकाचं काम करते. थकलेल्या कार्डाने माणसाचं काय होतं ते इथे फार जवळून दिसतं. गावच्या वादात मात्र पैसे कधी येतात, बिल कधी येतं आणि बिल चुकलं की माणूस तोंड कधी उघडतो, हे कोणीच विचारत नाही.

आधी व्याजाचं बोलते, कारण तिथे माझं मत पक्कं आहे. आपल्याकडे कार्डाचं व्याज बहुधा महिन्याला तीन ते पावणेचार टक्के असतं, त्यावर 18 टक्के जीएसटी. समजा, 50 हजारांची बाकी आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के आणि बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून पाच टक्के, म्हणजे अडीच हजार छापलंय. घरातला मुलगा अडीच हजार भरतो आणि सुटल्यासारखा होतो. पण त्यातले 1,750 व्याजात जातात, 315 जीएसटीत. मुद्दल कमी होतं 435 रुपयांनी. शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी मुदत संपते. पुढच्या महिन्यात त्याच कार्डावर किराणा भरला तर त्याला खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. बँकांना तो कायदा लागू नाही. ज्या राज्यात सावकाराला 18 टक्क्यांवर अडवलंय, तिथे बँकेला महिन्याचे साडेतीन, म्हणजे वर्षाचे 42 टक्के मोकळे का, याचं उत्तर रिझर्व्ह बँकेने द्यायला हवं. विषय तिचा आहे, तर मर्यादाही तिनेच घालावी.

पण मर्यादा उद्या आली तरी कोकणातलं घर वाचेलच असं मला वाटत नाही. कार्डाची रचना पगारदारासाठी आहे. एक तारखेला पगार, वीस-पंचवीस तारखेला बिल. आमच्याकडे पैसा असा येत नाही. हापूसचे पैसे मार्चअखेरपासून मेपर्यंत, तेही वाशीच्या दलालाची उचल वळती करून. मोहर गळला किंवा अवकाळी पाऊस झाला तर उचलही फिटत नाही. यांत्रिक होड्या 1 जून ते 31 जुलै बंद. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव थंडावला की खलाशापासून बर्फवाल्यापर्यंत सगळ्यांचे हात आखडतात. होमस्टेवाल्याची कमाई दिवाळी, नाताळ आणि मे. आणि खर्च नेमका कधी? जूनमध्ये शाळा, पावसाआधी कौलं आणि ताडपत्री, त्यानंतर गणपती. चाकरमानी घरी येतात तेव्हा घरच्याचा हात सर्वांत रिकामा असतो. त्या चार महिन्यांत कार्डाची चार बिलं येऊन जातात. म्हणून ‘उधळपट्टी केली’ हा आरोप मला मान्य नाही. मी पाहिलेली बहुतेक थकबाकी पत्र्याची, औषधांची आणि डिझेलची होती. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी मिळाली, तेव्हापासून क्यूआर स्कॅन करताना पैसे खात्यातले जाताहेत की कर्जाचे, हेही चटकन लक्षात येत नाही.

आता इकडचं. आखातात आमच्या रत्नागिरी-रायगडच्या घराघरातलं माणूस आहे, म्हणून हे तपशिलाने सांगते. अमिरातीत बँक कार्ड किंवा कर्ज देताना सही केलेला चेक ठेवून घ्यायची. हप्ते थकले की तो चेक भरायचा, तो परत गेला की गुन्हा. लोक खरंच तुरुंगात गेले. 2009 च्या मंदीत दुबई विमानतळावर गाड्या सोडून पळालेल्यांच्या बातम्या जगभर छापून आल्या होत्या. ग्रुपवर कोणीतरी नेहमी लिहितं, ‘तिकडे बघा कसा कायदा आहे, आपल्याकडेही तसंच हवं.’ त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की, या धाकाने थकबाकीदार बँकेत गेला नाही. तो एजंटकडे गेला, दुसरं कार्ड घेऊन पहिलं भरलं, मग तिसरं घेतलं, आणि शेवटी रात्रीच्या विमानाने गाव गाठलं. पहिल्या महिन्यात बँकेत जाऊन ‘नोकरी गेली, हप्ता कमी करा’ म्हटलं असतं तर बऱ्याच जणांचं निभावलं असतं. पण जिथे तुरुंग दिसतो तिथे माणूस स्वतःहून पाऊल टाकत नाही.

अमिरातीच्या सरकारलाही हे बदलावं लागलं. 2 जानेवारी 2022 पासून खात्यात पैसे नसल्याने चेक परत जाणं हा बहुतांशी गुन्हा राहिलेला नाही. फसवणुकीचा हेतू असेल तर गोष्ट वेगळी. पण दिवाणी पकड घट्ट आहे. परत गेलेला चेक घेऊन बँक थेट अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाऊ शकते, दहा हजार दिरहम किंवा त्याहून मोठ्या थकबाकीसाठी प्रवासबंदी मागू शकते. नोकरी सुटल्यावरची ग्रॅच्युइटी ज्या खात्यात जमा होते, तेच खातं अडकतं.

आणि गावी पळून आलं की सुटलो, हा समज तर आता पूर्ण खोटा आहे. 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने भारत सरकारने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली अमिरातीला मान्यता दिली. तिथल्या न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा आता रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात दाखल होऊ शकतो आणि इथल्याच हुकूमनाम्यासारखी त्याची बजावणी होऊ शकते. आक्षेप घ्यायला कायद्यात जागा आहे, पण नोटीस फाडून टाकणं हा आक्षेप नव्हे. ज्यांच्या घरी असा माणूस परत आलाय त्यांनी वकिलाला भेटावं. गप्प राहू नये.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याचा फोन आला. मुरूडला त्याचा होमस्टे आहे. आवाज अगदी खाली गेलेला. म्हणाला, “काकी, पोलीस येतील का गं?” आपल्याकडे तो धाक कायद्याने घातलेला नाही, तरी अब्रूच्या भीतीने लोक तेवढेच गप्प बसतात. त्याच्या आईला काही ठाऊक नव्हतं. वसुलीवाला तिला फोन करीन म्हणाला होता, आणि पुतण्या त्याच भीतीने ओळखीच्याकडून उसने आणून किमान रक्कम भरत होता.

मी त्याला सांगितलं ते इथेही लिहिते. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे. नुसतं बिल थकलं म्हणून अटक होत नाही. ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँकेला दंड लावता येत नाही की कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थेला थकीत म्हणून कळवता येत नाही. दंडही थकलेल्या रकमेवरच, पूर्ण बिलावर नाही. त्यानंतर मात्र थकलेले दिवस अहवालात चढत जातात, आणि उद्या होडीच्या इंजिनासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलं की तो अहवाल आधी उघडतो. किमान रक्कमही ड्यू डेटपासून 90 दिवसांत भरली नाही की खातं अनुत्पादित, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीतलं (एनपीए) ठरतं. म्हणजे पहिले तीन महिने आपल्या हातात असतात. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. चारचौघांत बेअब्रू करणं, घरच्यांना, मित्रांना छळणं हेही मना आहे. तसं घडलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. तिथे फी नाही.

त्याने आईला सांगितलं, मग बँकेत जाऊन थकलेल्या रकमेचे मासिक हप्ते बांधून घेतले. व्याज निम्म्याच्या आसपास आलं. बँकेतला माणूस आधी ‘सेटलमेंट’ सुचवत होता. ती शेवटची वाट ठेवावी. थोड्या पैशांत सुटका होते खरी, पण अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढची बँक त्याचा अर्थ पैसे बुडवले असाच घेते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मे 2021 पासून कर्जात बुडालेल्या माणसाला सल्लागारामार्फत 60 दिवसांची उसंत मिळते. त्या काळात बहुतेक व्याज, दंड आणि वसुली थांबते. ब्रिटनमध्ये आणखी एक नियम आहे: 18 महिने ग्राहक मुद्दलापेक्षा व्याज आणि शुल्कच जास्त भरत असेल, तर बँकेनेच त्याला गाठून तसं सांगायचं, आणि 36 महिन्यांनंतरही तेच चालू असेल तर फेडीचा मार्ग काढून द्यायचा. आपल्या वादात मला ही मागणी ऐकायची आहे. रिझर्व्ह बँकेने बिलाची तारीख किमान एकदा बदलून घ्यायचा हक्क ग्राहकाला दिलाय, तो चांगलाच आहे. पण पाच तारखेचं बिल पंधरा तारखेला नेल्याने जूनचा मार्च होत नाही.

हंगामी कमाईसाठी हंगामी कर्ज लागतं, आणि ते आहे. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मच्छीमारांनाही खुलं झालंय, सात टक्क्यांनी, आणि वेळेत फेडलं तर व्याज चार टक्क्यांवर येतं. हर्णैला, दाभोळला, मिरकरवाड्याला किती जणांना हे बँकेने आपणहून सांगितलं? होड्या ओढायच्या आधी, मे महिन्यात, बँकेच्या माणसाला ग्रामसभेत बोलवा आणि हे अर्ज तिथेच भरून घ्या. कागदपत्रं जमवायला, मच्छीमार सोसायटीचा दाखला मिळवायला महिना जातो, म्हणून एप्रिलमध्येच सरपंचांनी बँकेला पत्र द्यायला हवं.