एंग्लुंड गॅम्बिटने खरंच आठ चालींत मात होते का?

ठाणे आणि नवी मुंबईत बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक रील हातोहात फिरते आहे. पांढऱ्याने डी४ खेळलं की काळ्याने लगेच ई५ खेळायचं आणि आठव्या चालीला मात करायची, असं ती सांगते. हाच एंग्लुंड गॅम्बिट; गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच मुद्दाम प्यादं देऊन हल्ला चढवणं. पांढऱ्याकडे यावर उत्तर नाही, असलंच तर ते फक्त इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाला सापडतं. हे ग्रँडमास्टरांचं गुपित आहे आणि अशा गॅम्बिटनेच मुलं आक्रमक होतात, असेही दावे त्यात आहेत. घोडबंदर रोडवरच्या क्लासपासून नेरूळ-वाशीच्या स्पर्धांपर्यंत आठ-दहा वर्षांची मुलं काळ्याकडून दुसरं काही खेळायलाच तयार नसतात. म्हणून यातला एकेक दावा पटावर मांडून पाहायला हवा.

आधी सापळा बघू (× म्हणजे मारणं, आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल). १. डी४ ई५ २. डी×ई५ घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७ ४. उंट एफ४ वजीर बी४ शह. राजाला शह आणि एफ४च्या उंटावर मारा, दोन्ही एकदम आल्यामुळे ५. उंट डी२ आणि मग वजीर×बी२. इथे पांढऱ्याने वजिरावर उंट आणला, म्हणजे ६. उंट सी३ खेळला, की तो संपला. ६...उंट बी४ ७. वजीर डी२ उंट×सी३ ८. वजीर×सी३ वजीर सी१ मात. आठव्या चालीला घोड्याने मारलं, तर ए१चा हत्ती जातो. एवढा भाग खरा आहे, त्यात वाद नाही.

पण पांढऱ्याकडे उत्तर नाही, हे साफ चूक आहे. सहाव्या चालीला उंटाऐवजी घोडा सी३वर आणला की मात तर टळतेच, शिवाय काळ्याचा वजीर पांढऱ्याच्या घरात एकटा अडकतो. ६...घोडा बी४ने सी२वर डोळा ठेवला, तर ७. घोडा डी४ ते घर राखतो. ६...उंट बी४ खेळला तर ७. हत्ती बी१ वजीर ए३ ८. हत्ती बी३ वजीर ए५ ९. ई४ घोडा जी-ई७ १०. हत्ती बी५! वजीर ए६, आणि आता ११. हत्ती×बी४. हत्ती बाजूला झाला की एफ१च्या उंटाचा कर्ण उघडतो आणि थेट ए६च्या वजिरावर मारा येतो. काळ्याने घोड्याने हत्ती मारला तर वजीर फुकट जातो. वजिराने एफ१चा उंट शह देत घेतला, तरी राजा तो वजीर मारतो आणि हत्तीच्या बदल्यात वजीर जातो. या ओळीत काळ्याच्या पहिल्या दहा चालींपैकी सहा वजिराच्याच आहेत, हे मुलाला मोजायला लावा. तेवढ्या वेळात पांढऱ्याची मोहरी बाहेर आलेली असतात आणि काळ्याचा सी८चा उंट नि दोन्ही हत्ती जागचे हललेलेही नसतात.

हे फक्त इंजिनला सापडतं, हा दावा तर मला सगळ्यात जास्त खटकतो. घोडा सी३ ही पहिल्या महिन्यात शिकवली जाणारी चाल आहे. मोहरी बाहेर काढा, घोडे मध्याकडे आणा, एवढंच ती पाळते. घाबरलेल्या मुलाला वजिरावर हल्ला करावासा वाटतो, म्हणून उंट सी३ खेळला जातो. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात, हे वरचेवर घडेल. पण वेळ मिळणाऱ्या डावात, समोरच्याने तीच रील पाहिलेली असताना, कशाच्या भरवशावर बसायचं?

ग्रँडमास्टरांचं गुपित वगैरे काही नाही. स्वीडनच्या फ्रिट्झ एंग्लुंडने १९३२ मध्ये या ओपनिंगची एक खास स्पर्धा पुरस्कृत केली होती. तिच्यातले डाव ४. वजीर डी५ या चालीनंतरच्या ठरावीक स्थितीपासून सुरू होत, म्हणजे रीलमधला सापळा त्यात येतच नाही. अव्वल स्पर्धांमध्ये हा गॅम्बिट जवळपास दिसत नाही.

आता आक्रमक वृत्तीचा मुद्दा. यावर मी जरा थांबणार आहे, कारण गॅम्बिट मलाही मनापासून आवडतात आणि मुलांनी ते खेळावेतच. पण सापळा फसला तरी आपली मोहरी चांगल्या घरांवर उरतात का, हे आधी बघायचं. बुडापेस्ट गॅम्बिट घ्या. १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई५ ३. डी×ई५ घोडा जी४ ४. उंट एफ४ घोडा सी६ ५. घोडा एफ३ उंट बी४ शह ६. घोडा बी-डी२ वजीर ई७ ७. ए३ घोडा जी×ई५. इथे पांढऱ्याने हावरटपणे ८. ए×बी४ खेळला, तर घोडा डी३ मात. ई२चं प्यादं ई७च्या वजिरामुळे जखडलेलं असतं आणि राजाला हलायला घर नसतं. पांढऱ्याने सापळा ओळखून ८. घोडा×ई५ घोडा×ई५ खेळलं, तरी काळ्याने प्यादं परत मिळवलेलं असतं आणि मोहरी जागेवर असतात. पांढरा थोडासा बरा, पण डाव दोघांचा. एंग्लुंडमध्ये सापळा ओळखला गेला की डावच हातचा जातो.

एकच ई५, मग एवढा फरक कशामुळे? सी२च्या प्याद्यामुळे. ते घरी असतं तेव्हा डी३ राखतं. बुडापेस्टमध्ये ते सी४ला निघून गेलेलं असतं, म्हणून डी३वर घोडा बसतो. शिवाय काळ्याचा एक घोडा आधीच बाहेर असतो. एंग्लुंडमध्ये पांढऱ्याने कोणतंच घर उघडं टाकलेलं नसताना काळा प्यादं देऊन बसतो. मिलान विडमारने १९१८ मध्ये बर्लिनला आकिबा रुबिनस्टाइनसारख्या त्या काळच्या अव्वल खेळाडूला बुडापेस्ट खेळूनच हरवलं. तो डाव मुलांसोबत जरूर बघा.

अल्बिनचा प्रतिगॅम्बिटही असाच सशक्त आहे: १. डी४ डी५ २. सी४ ई५ ३. डी×ई५ डी४. इथे ४. ई३ उंट बी४ शह ५. उंट डी२ डी×ई३ ६. उंट×बी४ ई×एफ२ शह ७. राजा ई२, आणि काळ्याचं प्यादं जी१वरचा घोडा मारून वजीर न होता घोडा होतं, तेही शह देत! आणि सापळ्यात कोणी आलं नाही, तरी डी४वरचं प्यादं पांढऱ्याला अडचणीचंच असतं. अलेक्झांडर मोरोझेविचसारख्या खेळाडूने हा प्रतिगॅम्बिट वरच्या पातळीवर खेळला आहे.

ज्यांच्या मुलांवर पुढच्या रविवारी पांढऱ्याकडून खेळताना एंग्लुंड येणार असेल, त्यांच्यासाठी सोपी वाट अशी. चौथ्या चालीला एफ४वर उंट न नेता घोडा सी३ खेळायचा. ४...घोडा×ई५ ५. घोडा डी५ घोडा×एफ३ शह ६. जी×एफ३ वजीर डी८ ७. वजीर डी४. प्यादं परत दिलं, बी२ला धोका राहिला नाही, काळ्याचा वजीर मुकाट घरी गेला आणि एफ८चा उंट हलला की जी७ पडतं.