ताशी अर्धा मैल

"मी मालवणचा" हे वाक्य मेम्फिसला आल्यापासून मी जरा जास्तच वापरलं. ऑफिसात कुणी ट्यूनाचं सँडविच खाताना दिसला, की त्याला सुरमईबद्दल चार शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नसे. शेजारच्या अण्णांनाही (हे नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं, गृहस्थ मूळचे मिसिसिपीचे, वय सत्तरीपुढचं) मी ठणकावून सांगितलं होतं, की मासे आमच्या रक्तात आहेत. एक तपशील तेवढा राहून गेला. ते रक्तात ताटातून येतात. ताटाआधीच्या माशाशी माझा संबंध म्हणजे बाजारात कोळणीशी घासाघीस करणं, आणि त्यातही मी कधी जिंकलो नाही.

मार्चअखेर अण्णा म्हणाले, "शनिवारी ट्रोलिंगला येतोस?"

मला आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवला. तिथे हे खातं मामाकडे आहे. पण अण्णांना म्हणायचं होतं ते मूळचं ट्रोलिंग: होडी हळूहळू चालवत गळ पाण्यातून फिरवत न्यायचे आणि कुणीतरी चावेल म्हणून गप्प बसायचं. नीट विचार केला तर मामाही हेच करतो.

मासळीचं नाव क्रॉपी. स्पेलिंग वाचून मी पहिल्यांदा "क्रॅपी" म्हणालो. अमेरिकेच्या उत्तरेकडे तसं म्हणतातही, पण आमिषाच्या दुकानातली चार माणसं माझ्याकडे वळून बघू लागली, कारण क्रॅप म्हणजे काय हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. "क्रॉपी," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. लुइझियानात हिला 'साकाले' म्हणतात, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ दुधाची पिशवी. दुधाची पिशवी आमच्या दारात रोज सकाळी सहाला यायची, त्यासाठी कुणी होडी काढली नव्हती.

आम्ही निघालो पहाटे चारला. मेम्फिसपासून दक्षिणेला तास-सव्वा तासावर एनिड तलाव आहे. १९५७ साली इथेच पाच पौंड तीन औंसांची पांढरी क्रॉपी सापडली आणि ती जागतिक विक्रमात गेली. अण्णांनी हे वाटेत तीनदा सांगितलं. आवाजात असा भाव, की ती त्यांच्याच गळाला लागायची होती, पण त्या दिवशी शाळा होती.

होडी सोळा फुटी, अॅल्युमिनियमची. पुढच्या टोकाला आम्ही दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांवर, आणि समोर पंख्यासारख्या पसरलेल्या सहा काठ्या, प्रत्येक चौदा फूट लांब. या थाटाला 'स्पायडर रिगिंग' म्हणतात. समोरून बघणाऱ्याला होडी कोळ्यासारखी दिसत असणार. प्रत्येक दोरीला दोन गऱ्या, प्रत्येक गरीला एक जिवंत मिनो. मिनो म्हणजे बोटाएवढा मासा, तो ओठातून ओवायचा. डब्यात हात घालून पहिला मिनो मी पकडला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला परत सोडला. अण्णा काही बोलले नाहीत, पण पुढचे बाराही त्यांनीच ओवले.

मग प्रवास सुरू झाला. पायाखालच्या पेडलने चालणारी, बॅटरीवरची, आवाज न करणारी मोटर. वेग ताशी अर्धा मैल. पडद्यावर आकडा दिसत होता, ०.५. मधेच वाऱ्याने ०.८ झाला तर अण्णा दचकून पाय उचलत. बँडसमोर नाचणारे मेहुणे असलेली वरातसुद्धा याहून लवकर कार्यालयात पोचते. त्यात थंडी अशी, की दोन स्वेटरांवर लाइफ जॅकेट चढवून मी गच्च बांधलेल्या बोचक्यासारखा बसलो होतो. आणि उठायची सोय नाही. उठलं की होडी डुलते, होडी डुलली की सहाही काठ्यांची टोकं डुलतात, आणि अण्णा मान न वळवता सुस्कारा सोडतात. निघताना मी दोन कप चहा घेतला होता, याचा उल्लेख फक्त करून ठेवतो.

दोन तासांनी माझ्याकडची तिसरी काठी हलली. हलली म्हणजे वाकली नाही, उलट टोक किंचित वर आलं आणि दोरी सैल पडली. क्रॉपी बरेचदा खालून वर येऊन आमिष घेते, म्हणून असं होतं. हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी माझ्या अंगात मालवण संचारलं आणि विहिरीतून भरलेली कळशी ओढावी तसा मी काठीला हिसका दिला. गरी रिकामी वर आली. टोकाला कागदाच्या कपट्यासारखं काहीतरी चिकटलं होतं.

"ओठ," अण्णा म्हणाले.

या मासळीचं तोंड इतकं पातळ, की इथले लोक तिला 'पेपरमाउथ'च म्हणतात. हिसका द्यायचा नाही, नुसतं उचलायचं, झोपलेल्या बाळाखालून हात काढावा तसं. मी मान डोलावली आणि पुढच्या दोन माशांचे ओठही काढून घेतले. चौथ्याला मी इतक्या हळुवारपणे उचलू लागलो, की तेवढ्यात त्याने शेजारच्या दोन दोऱ्यांना फेऱ्या मारल्या. तो गुंता सोडवायला पाऊण तास लागला. अण्णा दातांनी गाठ सोडवत होते आणि मी मिनोंना धीर देत होतो.

शेवटी एक आली. चंदेरी, अंगावर काळसर ठिपके, हातात थंडगार आणि रागावलेली. अण्णांनी ती पट्टीवर ठेवली. साडेअकरा इंच. बाराच्या आतली ठेवायची नाही असा इथला नियम. मी शेपूट जरा ताणून बघितली. "नको," ते म्हणाले. सोडली.

अण्णांच्या पेटीत तोवर सात झाल्या होत्या. त्यांतली सगळ्यात थोर, सव्वा किलोची, त्यांनी न मागता माझ्या हातात दिली आणि माझा फोटो काढला. फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली काहीच लिहिलं नाही, त्यामुळे मी खोटं बोललो असं कुणाला म्हणता येणार नाही.

मालवणात तेव्हा रात्र झाली होती, पण मामा जागा होता.

"मासो गावलो खंय, पाण्यात काय बाजारात?"

बस्स, एवढंच. मी तिथल्या तिथे हातमोजे काढले आणि उत्तर लिहायला घेतलं. पाण्याचं तापमान, काठ्यांची लांबी, १९५७चा विक्रम, सगळं. तिसरा परिच्छेद सुरू असताना अण्णा म्हणाले, "तुझी काठी हलतेय." मी म्हटलं, एक मिनिट. मामा तिकडे ऑनलाइन दिसत होता. काही टाइप करत नव्हता, नुसता बसून होता.